पश्चात चार मुली

इंदापूरला गेलेला माणूस मालोजीराजांच्या गढीकडे एकदा तरी वळून बघतो. शिवाजी महाराजांचे हे आजोबा. नगरच्या शाह शरीफ यांच्यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकीकत आपल्या लोकांना तोंडपाठ असते. पण मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत नेमके कोणत्या साली पडले, असे विचारले की मोठमोठ्या ग्रंथांतही एकवाक्यता नाही. कोणी १६०५-०६ धरतो, कोणी १६२०, तर कोणी १६२२. छत्रपतींच्या आजोबांच्या मृत्यूची ही गत, तर आमच्यासारख्या बागवानाच्या घरातल्या आजोबा-पणजोबांची काय कथा!

बारामतीत उलटे आहे. मोरोपंत येथे राहिले. ते १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला वारले, हे आमच्या उर्दू शाळेतील पाचवीच्या मुलालाही सांगता येते. कवीचे शिष्य असतात, पोथ्या असतात, पुण्यतिथी असते. मोरोपंत गेले त्याच सालात कऱ्हेच्या काठी आणखी शेकडो माणसे गेली असतील. त्यांची ना छत्री, ना पुण्यतिथी.

आमचे मराठा शेजारी या बाबतीत आमच्याहून सुखी. त्यांच्या सातआठ पिढ्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. दक्षिणेकडच्या भागात हेळवी येतो, दारात बसून वंशावळ म्हणून दाखवतो, धान्य घेतो आणि जातो. आपल्यात शजरा असतो तो पीरजाद्यांच्या घरी, किंवा ज्यांच्याकडे काजी-मुलाण्याचे वतन होते त्यांच्याकडे. वतनदाराच्या नावाने सनदा निघाल्या, १८५२ नंतर इनाम कमिशनने त्या तपासल्या, त्यामुळे त्यांचे कागद पुण्याच्या दप्तरात पडून आहेत. मोडी वाचणारा मिळाला तर घराणे उलगडते. पण हातगाडीवर पेरू विकणाऱ्याला सनद कोण देणार?

सरकारी नोंदीचे म्हणावे, तर १८८० साली काजींचा कायदा आला, पण निकाह नोंदवलाच पाहिजे असे त्याने कोणावर बंधन घातले नाही. १८८६ साली जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदणीचा कायदा आला, तोही ऐच्छिक. साऱ्या देशाला लागू होणारा सक्तीचा कायदा १९६९ चा. त्याआधी शहरात नगरपालिकेची बुके आणि खेड्यात पाटलाकडचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ही बुके ज्याने जपली त्याची कृपा. वाळवी, उंदीर आणि पावसाचे ठिबकणे यांच्या तावडीतून जे सुटले तेवढे आपले.

हे सर्व आम्हाला आधीपासून ठाऊक होते असे वाचकांनी समजू नये. आम्ही शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवतो. पानिपतच्या लढाईची तारीख विचारा, झोपेत सांगू. स्वतःच्या परदादाचे मरणाचे साल मात्र पस्तिशी आली तरी माहीत नव्हते.

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्या थंडीत आपल्या पुष्कळ घरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या, तशी आमच्याही घरची उघडली. अम्मीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. या पेटीला आमच्या घरात 'संझली की पेटी' म्हणतात. लहानपणी आम्हाला वाटे, 'संझली' म्हणजे सांजवेळची. दादी संध्याकाळी दिवेलागणीला ती उघडून पानदान काढत असे, म्हणून असेल. मराठी मुलखात वाढलेल्या उर्दू पोराची ही समजूत. तिचा खरा अर्थ पुढे येईल.

पेटीत रेशनकार्डे, पावत्या, हजला गेलेल्या कोणाचे तरी पत्र, आणि एका वहीत चिकटवलेले बोटभर लांबीचे मराठी कात्रण. वर्तमानपत्राचे नाव नाही, तारीख नाही. मजकूर असा, की बारामती येथील फळांचे व्यापारी अमुक अमुक बागवान यांचे गुरुवारी सकाळी अल्पशा आजाराने निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, चार मुली व नातवंडे असा परिवार आहे. जियारत शनिवारी सकाळी मशिदीत होईल. हे आमचे परदादा.

त्या वेळी आम्ही ते पाहिले आणि परत ठेवले. पुढच्या मार्चात तर टाळेबंदीच आली. कात्रणाची आठवण झाली ती दोन वर्षांनी, जेव्हा मोठ्या भावाच्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश हवा होता आणि जात पडताळणीचा प्रश्न उभा राहिला. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या दादांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले. त्या काळी मास्तरांना एवढे पुरेसे वाटे. अत्तार असो, तांबोळी असो, पिंजारी असो, सारे मुसलमान. मास्तरांच्या त्या एका शब्दापायी आज किती घरांतली मुले खेटे घालीत आहेत, हे ज्याने त्या कचेरीच्या बाकावर दिवस काढले त्यालाच ठाऊक. आणि इथे आमच्याकडे कात्रणात स्वच्छ छापलेले 'बागवान', तेही फळांचे व्यापारी म्हणून. फक्त साल नाही.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. कात्रणाची पुढची बाजू माणसाने जपलेली असते, पण साल कळते ते मागच्या बाजूवरून. आम्ही वहीचे पान वाफेवर धरून कात्रण अलगद सोडवले. मागे तेलाच्या भावाची जाहिरात अर्धी कापलेली होती आणि किमतीपुढे 'न. पै.' अशी अक्षरे होती. नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यांच्या मागचा 'नवे' हा शब्द गेला जून १९६४ मध्ये. दुसऱ्या तुकड्यावर 'मुंबई राज्य' असे शब्द होते. म्हणजे १ मे १९६० च्या आधीचे. सात वर्षांचा पल्ला तीन वर्षांवर आला. खाली कोपऱ्यात ठळक टाइपात '…मती' एवढेच उरले होते. आम्ही सरळ 'बारामती' वाचून मोकळे झालो. चाचांनी चष्मा लावून पाहिले आणि हसले. म्हणाले, "अरे, यह तो दिलीपकुमार का मधुमती है!" बाजूला थिएटरच्या खेळांच्या वेळा होत्याच. 'मधुमती' सप्टेंबर १९५८ मध्ये लागला. इतिहासाच्या शिक्षकाला जे दिसले नाही ते पिटातल्या प्रेक्षकाला दिसले.

मग नगरपालिका. बारामतीची नगरपालिका १८६५ ची, आणि इंदापूरचीही त्याच सालची. १९५८ चे मृत्यूचे बुक बाहेर निघाले. सप्टेंबरपासून एकेक ओळ वाचत गेलो. बुकातली नावे वाचणे हे एक वेगळेच शास्त्र आहे. हुसेनचा उसेन, कासीमचा काशीम, इब्राहिमचा इबराम. इमामसाहेब, इमामभाई आणि नुसता इमाम हा एकच माणूस असू शकतो, किंवा तीन. कारकून मराठी, सांगणारा दखनी बोलणारा, घाईत ऐकले तसे लिहिले. ज्यांना आपल्या घरचे कागद शोधायचे आहेत त्यांनी नाव डोळ्यांनी शोधू नये, कानाने शोधावे. ओठ हलवत वाचावे. नोव्हेंबरच्या पानावर परदादा सापडले. दिनांक २०, वार गुरुवार, वय ६३, धंदा फळविक्री, जात 'मुसलमान बागवान'. भाच्या-पुतण्यांचे काम झाले. समितीने नोंद मानली. पोरगा आता तिसऱ्या वर्षाला आहे.

खरे म्हणजे गोष्ट येथे संपायला हवी होती. पण शिक्षकाला वाचलेले पुन्हा वाचायची खोड असते. नक्कल जोडताना आम्ही कात्रण अब्बांना मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि 'चार मुली' या शब्दांवर अडलो. अब्बांच्या फूफू तीन. बडी, मंझली आणि छोटी. तिघींच्याही मयतीला आम्ही गेलेलो. आम्ही म्हटले, "अब्बा, छापणाऱ्याने तीनचे चार केले वाटते." अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीने विषय बदलला.

उर्दू बोलणाऱ्या वाचकाला एव्हाना कळलेच असेल. तीन बहिणी असल्या की बडी, मंझली, छोटी. चार असल्या तरच मंझलीच्या खाली संझली येते. आम्ही रोज वर्गात शब्दार्थ सांगतो आणि आपल्याच घरातल्या पेटीच्या नावाचा अर्थ आम्हाला लागला नव्हता.

आता थोडे वर्तमानपत्रांविषयी. या जाहिराती छापण्याची चाल आपल्याकडे साहेबाने आणली. 'बॉम्बे टाइम्स' १८३८ साली निघाला, त्याचा पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया' झाला. त्यात गोऱ्यांचे जन्म, लग्ने आणि मृत्यू छापून येत. पुण्याच्या छावणीतल्या एखाद्या साहेबाचे मूल तापाने गेले तरी त्याची ओळ छापलेली मिळते. आज इंग्लंडात त्या वंशजांची मंडळे आहेत, त्यांनी या ओळींच्या याद्या तयार केल्या आहेत, आणि घरबसल्या नाव टाकले की पणजोबाची कबर पुण्यात की नगरला ते कळते. मराठीत 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, 'केसरी' १८८१ चा, 'सकाळ' १९३२ चा. जुन्या शतकातल्या मराठी पत्रांत साधा मुसलमान आला तर तो बहुधा कोर्टाच्या निकालात, नाही तर दंग्याच्या बातमीत. त्याच्या मरणाची ओळ छापायला कोणाला पैसे द्यायचे सुचणार? ही चाल आमच्यापर्यंत झिरपली ती विसाव्या शतकात, व्यापाराच्या वाटेने. दौंड-बारामती छोटी गाडी १९१४ साली सुरू झाली, पुढे कालव्याच्या पाण्यावरचा माल पुण्या-मुंबईला जाऊ लागला. आडत्यांशी संबंध आले. आडत्याला उधारी कोणाकडे मागायची हे कळावे म्हणून व्यापाऱ्याच्या मरणाची खबर छापणे भाग होते. दुःख होतेच, पण त्यात हिशेबही होता. हे आम्ही कोणाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्या हिशेबामुळेच तर आज आमच्या हाती काही लागते.

उर्दू पत्रांची तऱ्हा निराळी. मुंबईचा 'इन्किलाब' १९३८ चा. उर्दू जाहिरातीत मरण आले की ते 'इंतिकाल-ए-पुरमलाल' होऊन येते किंवा 'सानेहा-ए-इर्तिहाल'. मागे राहिलेले ते पसमांदगान. लग्न म्हणजे तकरीब-ए-अक्द. मुलगा नूर-ए-नजर, मुलगी दुख्तर-ए-नेक-अख्तर. भाषा मखमली, पण मुलीचे नाव? ते कोठेच नाही. मरताना ती अमुकची अहलिया, अमुकची वालिदा, अमुकची हमशीरा. मराठी कात्रणातही तेच. बाप्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव, धंदा, गाव, सारे असते आणि बाईचा नुसता आकडा. चार मुली. आम्ही गेल्या तीन वर्षांत ओळखीच्या घरांतून अशी साठेक कात्रणे पाहिली. ज्यांत बाईचे स्वतःचे नाव आहे अशी बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतल्या बहुतेक शिक्षिका किंवा सुईणी. कमावणाऱ्या बाईला नाव होते असे म्हणायचे.

तारखांचा घोळही लक्षात ठेवावा. मराठी कागदात शक असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. जुन्या दप्तरात शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे नुसती बेरीज-वजाबाकी चालत नाही. आणि कबरीवर कधी आकडाच नसतो, एक मिसरा असतो. अबजदच्या हिशेबाने अलिफचा एक, बेचे दोन, असे प्रत्येक अक्षराचे मोल घेऊन बेरीज केली की वफातीचे साल मिळते. बिस्मिल्लाचे ७८६ होतात ते याच हिशेबाने. हे ज्ञान आता मदरशातही फारसे शिकवत नाहीत. आम्ही नववीच्या वर्गाला एक तास त्यासाठी देतो. मुले आधी आपापल्या नावांची बेरीज करतात आणि गोंधळ घालतात, पण शिकतात.

पेटीकडे परत येतो. तळाशी एक उर्दू वर्तमानपत्राचे पान अंथरले होते. पेटीत कागद घालायची चाल असतेच, म्हणून आम्ही ते कधी उचलले नव्हते. संझलीचा अर्थ डोक्यात बसल्यावर ते उचलले. पूर्ण पान, घडी न मोडलेले. मुंबईच्या एका दैनिकाचे. खालच्या डाव्या कोपऱ्यात बाजारातल्या एका आडत्याने मुबारकबाद छापली होती. बारामतीच्या बागवान साहेबांच्या दुख्तर-ए-नेक-अख्तरचा निकाह, इंदापूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या अमुक मौजातील अमुक यांच्या फर्जंदाशी, १२ रबीउल आखिर १३६८, बरोज जुमा. आम्ही हिशेब मांडला. ११ फेब्रुवारी १९४९ येते. चंद्रदर्शनाने एका दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून वार तपासावा. त्या दिवशी शुक्रवारच होता. बडी, मंझली आणि छोटी या तिघींची सासरे आम्हाला माहीत आहेत. त्यांतली एकही इंदापूरला नाही.

तेव्हा हे पान अस्तर म्हणून घातलेले नव्हते. कोणीतरी ते लपवून जपले होते. दादीने, असे आम्हाला वाटते. नणंदेची पेटी तिने स्वतःजवळ ठेवली आणि तिचे नाव पेटीला राहू दिले.

अब्बांना आम्ही पुन्हा विचारले नाही. तलाठ्याकडे जाऊन जुना फेरफार काढला. परदादांच्या मागे आठ एकर जमीन होती, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालची. १९५९ च्या वारसनोंदीत तीन मुलगे आणि तीन मुली. तिन्ही मुलींनी हक्कसोड दिलेला, तिघींचे अंगठे. चौथीचे नाव नाही. हक्क सोडायलाही तिला बोलावले नव्हते.

फराइजचा हिशेब आम्हाला येतो. बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्या सात-अष्टमांशाचे, तीन मुलांना दोन-दोन आणि चार मुलींना एक-एक, असे दहा भाग. म्हणजे एका मुलीला ऐंशीतले सात. आठ एकरांचे गुंठे ३२०, त्यात तिचे २८. आता वकील मंडळी म्हणतील, की १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली आहे. खरे आहे. पण आमच्या घरात दर रमजानमध्ये जकातीचा हिशेब पैशापर्यंत होतो. तेथे कोणी कायद्याचे कलम काढीत नाही.

घरात सर्वांत म्हातारी उरली आहे ती अब्बांची एक चुलत फूफू, नव्वदीच्या घरातली. तिच्याकडे गेलो. आधी ती चिडली. "मरे सो लोगां को कायकू उठाते बेटा?" मग चहा झाला, पान झाले आणि हळूहळू बोलली. संझलीच्या नवऱ्याने परदादांच्या चाळिसाव्याला सर्वांसमोर बायकोचा हिस्सा मागितला. तिघा भावांना तो अपमान वाटला. मातीही वाळली नाही आणि जावई गुंठे मोजतो, असे बोलले गेले. त्या दिवशी तिला परत पाठवले ते कायमचे. तिची पेटी येथेच राहिली. घरात नाव घ्यायची बंदी झाली. पुढची पिढी आली तिला तीनच फूफू सांगितल्या. आमचे दादा त्या तिघा भावांतले मधले. ते पाच वक्त नमाजी होते, कोणाचा पेरू तोलात कमी दिला नाही. हे आम्ही त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून लिहितो.

गंमत पाहा, की १८७५ च्या मे महिन्यात याच बारामतीजवळच्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, आणि ती आग इंदापूरपर्यंत पसरली. गरिबाच्या विरुद्ध बोलणारा कागद जाळायचा असतो. जो कागद लिहिलाच गेला नाही, त्याचे काय करायचे? इंदापूर तर जमीनमोजणीचे माहेर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली जी मोजणी येथे लागू केली ती पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. जमिनीचा गुंठा न् गुंठा लिहिला गेला, माणसे मात्र सुटली.

इंदापूरला आम्ही एका रविवारी गेलो. मौजाचे नाव हाती होते, पण ते गाव जागेवर नव्हते. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, लोक ते पाहायला होड्यांतून जातात, फोटो काढतात. देऊळ दगडी म्हणून टिकले. कच्च्या कबरींचे काय वर येणार! आमच्या हातातल्या मौजाचे नवे गावठाण वेगळ्याच ठिकाणी वसले आहे. तेथे विचारत विचारत गेलो. मशिदीत जोहरला थांबलो, पेशइमामांनी एका फळविक्रेत्याकडे पाठवले. रस्त्याला डाळिंबांची गाडी लावलेली, माणूस पन्नाशीचा. आम्ही बारामतीचे म्हणताच त्याने तागडी खाली ठेवली.

"बारामतीचे कोणते बागवान?"

आम्ही परदादांचे नाव सांगितले. तो गाडी पोराच्या ताब्यात देऊन आम्हाला घरी घेऊन गेला. संझलीचा तो नातू. दादीचे माहेर बारामतीचे, एवढेच त्याला माहीत होते. ती १९७४ साली गेली. जुन्या गावच्या कब्रस्तानात तिची कबर होती, ती पाण्यात आहे. धरणाचा मोबदला मिळाला, जमीन मिळाली, त्या निवाड्याचे कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते. त्याच पिशवीत निकाहनामा निघाला. फारसी धाटणीचे उर्दू, काजीचा शिक्का, महर, गवाह. तारीख तीच, १२ रबीउल आखिर १३६८. आणि तिचे नाव. स्वच्छ नस्तालीकमध्ये, वडिलांच्या नावासह.

ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. अजून घरच्या सर्वांची त्याला मान्यता नाही, आणि नातवानेही एवढ्यात नको म्हटले. वर आम्ही जाहिराती छापणाऱ्यांना बोल लावला आणि आता स्वतः तेच करतो आहोत, हे आम्हाला दिसते.

नातवाला उर्दू वाचता येत नव्हते. पिशवीतला तो कागद म्हणजे कसली तरी दुआ असावी असे त्याच्या घरात समजत, म्हणून टिकला. आम्ही तो त्याला वाचून दाखवला, मग मुबारकबादीची जाहिरात, मग परदादांचे कात्रण. 'चार मुली' ऐकल्यावर त्याने पुन्हा वाचायला सांगितले. गुंठ्यांचा विषय त्याने काढला नाही. आम्हीच काढला. तो म्हणाला, "सर, आमच्या वडलांना वाटायचं की बारामतीवाल्यांना दादी माहीतच नाही. पेपरात तर तुम्ही मोजली होती की."

हे त्याचे म्हणणे कायद्यालाही धरून आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात नात्यागोत्याविषयी मेलेल्या माणसांनी केलेली विधाने, घराण्याची वंशावळ, कबरीवरचा लेख, यांना पुरावा मानण्याची तरतूद होती. अट एवढीच, की ते विधान वाद उपस्थित होण्याच्या आधी झालेले असावे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही ही तरतूद आहे. नुसती वर्तमानपत्रातली बातमी कोर्ट ऐकीव म्हणून बाजूला ठेवू शकते. पण आमच्या कात्रणातला आकडा भावांनी स्वतः दिलेला, जियारतीच्या आधीचा. भांडण झाले ते चाळिसाव्याला. वीस नोव्हेंबरला त्या तिघांना चार बहिणी होत्या.

आठ एकरांचे आज काय उरले आहे ते सांगण्यासारखे नाही. थोरल्या घराने आपला भाग विकला, धाकट्याने प्लॉट पाडले. आमच्या दादांच्या वाट्याचा ऊस अजून उभा आहे. दोन्ही घरांशी बोललो. एकाने फोन ठेवून दिला. दुसरे म्हणाले, साठ वर्षांनी मढी उकरून पोरांच्या लग्नात विघ्न आणू नका.

अब्बांना आम्ही निकाहनाम्याची झेरॉक्स दिली. दोन दिवस ती त्यांच्या उशाखाली होती. तिसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांनी आम्हाला उठवले आणि तलाठ्याला द्यायचा अर्ज लिहायला बसवले. आपल्या वाट्यापुरती दुरुस्ती व्हावी, मयत खातेदारांच्या मुलींत एक नाव राहून गेले आहे. नावाची जागा आली तेव्हा पेन त्यांनी आमच्या हातातून घेतले आणि स्वतः लिहिले. सवयीने उर्दूत लिहिले. आम्ही म्हटले, अब्बा, तलाठ्याला वाचता यायला हवे. त्यांनी ते खोडले नाही. त्याच्याखाली मराठीत पुन्हा एकदा लिहिले.